दुसऱ्यासाठी मागणे

घरातले कोणी हातचे जाणार असे दिसू लागले की पूर्वी थोरली बाई देव्हाऱ्यापाशी जायची. टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम असे एकेक देव उचलायची आणि तांब्याच्या घंगाळात पाण्याखाली ठेवायची. मग गंध नाही, फूल नाही, नैवेद्य नाही. आजारी माणूस अंथरुणातून उठेपर्यंत देवांनी पाण्यातच राहायचे. निकालाच्या किंवा निवडणुकीच्या दिवसांत अमका देव पाण्यात ठेवून बसला आहे असे आपण आज सहज बोलून जातो. ती चाल मात्र फार थोड्या घरांत उरली आहे. पाऊस लांबला की महादेवाची पिंड पाण्यात बुडवून ठेवण्याची गावाकडची रीत हिचीच बहीण. ज्याच्यापुढे जन्मभर हात जोडले, त्यालाच कोंडून धरायचे. बाईला हे कळत नव्हते असे कोणी समजू नये. देवाचा अपराध आपल्या माथी येईल हे ठाऊक असूनच ती तो करायची. दुसऱ्याच्या जिवासाठी मागताना माणूस कुठवर जातो, त्याची ही एक हद्द.

दुसरी हद्द आपल्या रोजच्या ऐकण्यातली. "काळजी करू नका, आम्ही प्रार्थना करतोय." हे वाक्य फोन ठेवता ठेवता येते, लिफ्टचे दार लागता लागता येते. मोबाइलवर तर तेवढेही लिहावे लागत नाही. जोडलेल्या हातांचे चित्र पाठवले की काम झाले. या दोन हद्दींच्या मध्ये आपल्या समाजाचे केवढे तरी बोलणे पसरलेले आहे. "देवाच्या कानावर घालते." "स्वामींना सांगून ठेवलंय." "तुझ्या नावाचा नारळ ठेवते." "बुधवारी माहीमला नोव्हेनाला जाते, तेव्हा तुझ्यासाठी मेणबत्ती लावते." "नमाजात तुमच्यासाठी दुवा मागतो." हे सगळे बोलणारी माणसे नेमके काय सांगत असतात? समोरच्याला धीर देत असतात, आपली असहायता कबूल करत असतात, की खरोखरच एखादे काम अंगावर घेत असतात?

सगळ्यात सरळ अर्थ हा की मी मागितले तर फरक पडेल. या अर्थाला टाळून पुढे जाणे बरोबर नाही. 1872 साली इंग्लंडात याच प्रश्नावर मोठा वाद पेटला होता. आदल्या हिवाळ्यात युवराज, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड म्हणून राज्यावर आला तो, विषमज्वरातून उठला होता. देशभरच्या चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना झाल्या होत्या आणि फेब्रुवारीत सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये आभाराची मोठी उपासनाही झाली होती. काही महिन्यांतच भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी एका पत्राद्वारे आलेली सूचना लोकांपुढे ठेवली: रुग्णालयातला एखादा वॉर्ड निवडा, निदान तीन वर्षे त्याच्यासाठी खास प्रार्थना करा, आणि मग तिथला मृत्युदर इतर वॉर्डांशी ताडून पाहा. त्याच वर्षी फ्रान्सिस गाल्टन यांनी राजघराण्यांतल्या पुरुषांची आयुर्मर्यादा तपासली. राजाच्या दीर्घायुष्यासाठी चर्चमध्ये नेमाने मागणे होते, तेव्हा राजे जास्त जगायला हवेत. पण त्यांची सरासरी निघाली सुमारे 64 वर्षे आणि खानदानी जमीनदारांची सुमारे 70. आपल्याकडे बंगालमध्ये 'तत्त्वबोधिनी पत्रिके'चे संपादक अक्षयकुमार दत्त (1820–1886) यांनी तर सगळे एका समीकरणात बसवले होते. श्रम केले की पीक येते. श्रम आणि प्रार्थना दोन्ही केल्या तरी पीक तेवढेच येते. म्हणजे प्रार्थनेची किंमत शून्य.

टिंडल यांनी पुढे आणलेली कसोटी शेवटी अमेरिकेत लागली. हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा रुग्णालयांतले बायपास शस्त्रक्रियेचे 1802 रुग्ण त्यात होते. त्यांचे तीन गट केले. एका गटासाठी प्रार्थना झाली, दुसऱ्यासाठी झाली नाही; पण या दोन्ही गटांना सांगितले होते की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही. तिसऱ्या गटाला मात्र होणार असे नक्की सांगितले आणि तशी ती झालीही. शस्त्रक्रियेनंतरच्या तीस दिवसांत काहीतरी गुंतागुंत झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात 52 टक्के निघाले, दुसऱ्यात 51 टक्के. तिसऱ्यात, ज्यांना आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे ठाऊक होते त्यांच्यात, ते 59 टक्के भरले.

हा निकाल मी मान्य करते. 'देवाची परीक्षा घेता येत नाही' ही पळवाट मला पटत नाही. जी बाई देव पाण्यात ठेवते ती माणूस वाचावा म्हणूनच ठेवते. तिच्या त्या आकांताला 'मनःशांतीचे साधन' असे नाव देऊन आपण शहाणपण मिरवावे, हा तिचा अपमान आहे. ती मनःशांती मागत नव्हती. ती नातवाचा ताप उतरायला हवा असे म्हणत होती. तो उतरला तर देवाने ऐकले, नाही उतरला तर नाही ऐकले, इतका तिचा सौदा रोखठोक होता.

पण त्या प्रयोगातला एक तपशील माझ्या मनात राहून गेला आहे. प्रार्थना करणारे तीन ख्रिस्ती गट होते. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून चौदा दिवस ते नेमाने प्रार्थना करत. त्यांना रुग्णाची माहिती काय दिली होती? पहिले नाव आणि आडनावाचे पहिले अक्षर. वय नाही, गाव नाही, घरी कोण वाट पाहते आहे ते नाही. काय मागायचे त्याचे शब्दही ठरवून दिलेले होते. प्रयोग काटेकोर व्हायचा तर हे असेच करावे लागते, त्यात कोणाचा दोष नाही. तरी माणसे एकमेकांना "तुझ्यासाठी मागते" असे म्हणतात तेव्हा जे घडते, त्यातले निम्मे त्या प्रयोगाच्या दाराबाहेरच राहिले.

काय राहिले ते मी एकदा जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी माझा भाऊ नागपूरच्या एका रुग्णालयात आयसीयूत होता. बाहेरच्या पॅसेजमध्ये नातेवाईक सतरंज्या टाकून बसत. तिथे माणसाला नाव उरत नाही. "सात नंबर, औषधं आणा." "अकरा नंबरचं कोण आहे?" अशा हाका येत, आणि आम्हीही एकमेकांना नंबरांनीच ओळखू लागलो होतो. भिंतीला टेकून बुलढाण्याकडची एक बाई 'गजानन विजय' वाचत बसलेली असे. दासगणूंची ही एकवीस अध्यायांची पोथी विदर्भात घरोघर असते. तिची प्रत लाल कापडात गुंडाळलेली होती, पानांच्या कडा हाताळून मऊ पडल्या होत्या. एका सकाळी अध्याय संपवून तिने मला विचारले, "काय नाव हाय पेशंटचं?"

मी सवयीने म्हटले, "सात नंबर."

"नंबर नोका सांगू बाई. महाराजाले का मी नंबर सांगू?"

मी भावाचे नाव सांगितले. तिने पोथीतून एक कागद काढला. औषधाच्या बिलाची पाठकोरी बाजू होती ती. त्यावर तिने नाव लिहिले, आणि काय झाले ते विचारले. मी दोन वाक्यांत आटपू लागले तर तिने थांबवले. किडनीला लागले आहे का? शुद्धीत आहे का? डोळे उघडतो का? लेकरे किती आहेत? कागदावर आधीची पाच-सहा नावे होती, सगळ्यात वर तिच्या नवऱ्याचे. एका ओळीत नुसते 'ॲक्सिडंटवाला पोरगा' असे होते, कारण त्याच्याजवळ अजून कोणीच आले नव्हते. दुसऱ्या दिवशी पोथी उघडण्याआधी तिने तो कागद गुडघ्यावर ठेवला, एकेक ओळ हलक्या आवाजात वाचली, मग अध्याय सुरू केला.

तिचा नवरा त्याच आठवड्यात गेला. ज्या दिवशी गेला त्या सकाळीही तिने ती यादी वाचली होती. माझा भाऊ घरी आला.

या दोन गोष्टींचा हिशेब कुठल्याच पोथीत लागत नाही, आणि तो लावू नये असे मला वाटते. माझ्या लेखी त्या बाईने जे केले ते निकालाच्या आधीच पुरे झाले होते. माझा भाऊ जिथे एक नंबर झाला होता तिथे तिने त्याचे नाव विचारले, त्याचे दुखणे ऐकून घेतले, आणि स्वतःच्या नवऱ्याचे नाव ती जिथे नेऊन ठेवत होती तिथेच त्याचेही ठेवले. तिच्याजवळ त्याहून मोलाची जागा नव्हती. "मी तुझ्यासाठी प्रार्थना करते" या वाक्याचा गाभा मला इथे सापडतो. माणूस आपल्या आयुष्यात ज्या एका ठिकाणी खोटे बोलत नाही, त्या ठिकाणी तुझे नाव घेईन असे तो सांगत असतो.

नावाचा हा आग्रह आपल्या विधींमध्ये फार जुना आहे. पूजेच्या आरंभी संकल्प सांगताना पुरोहित आधी काळ उच्चारतो: मन्वंतर, युग, शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी. मग स्थळ: द्वीप, वर्ष, देश, नदीचा कोणता तीर. आणि एवढा पसारा ओलांडून तो येऊन थांबतो एका माणसापाशी, त्याच्या गोत्रापाशी, नावापाशी, मागण्यापाशी. ज्याला गोत्र ठाऊक नाही त्याला काश्यप म्हणायची मुभा आहे. गोत्र माहीत नाही म्हणून कोणी बाहेर राहू नये एवढी काळजी त्या विधीने घेतली आहे. आज देवस्थानच्या काउंटरवर अभिषेकाची पावती फाडताना आपण हीच माहिती चौकटींत भरतो. तो कागद पुढे कोण वाचतो, वाचतो तरी का, हे बहुतेकांना माहीत नसते. पावती फाडणे वाईट आहे असे मी म्हणणार नाही. दूरदेशी असलेल्या मुलाला आईसाठी तेवढेच करता येत असेल. मात्र पैसे भरून लावलेला जप आणि गुडघ्यावर ठेवलेला कागद एका मापाने मोजता येत नाहीत.

कोकणातले गाऱ्हाणे मला याहून उघडे वाटते. सिंधुदुर्गात गावदेवाच्या देवळात गुरव किंवा मानकरी एखाद्याच्या वतीने गाऱ्हाणे घालतो. मुंबईत असलेला मुलगा आजारी आहे, घरात भांडण लागले आहे, गाय व्यायला अडली आहे, काहीही असो. तो रवळनाथाला, सातेरीला, गावच्या साऱ्या जागेवाल्यांना हाक मारतो आणि त्या घरावरचे संकट मोठ्या आवाजात देवाच्या पुढ्यात मांडतो. प्रत्येक वाक्यामागे जमलेली माणसे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" त्या माणसांमध्ये कोणी शेजारी असतो, कोणी भाऊबंदकीतला वैरीही असतो, कोणी नुसता वाटेवरून आत आलेला. पण गाऱ्हाण्याला होकार सगळ्यांनी द्यायचा. एका घराचे दुखणे साऱ्या गावाच्या तोंडून वदवून घेतले जाते. उद्या त्या घरी गेल्यावर 'आम्हाला कुठं ठाऊक होतं' असे कोणाला म्हणता येत नाही. देव ऐको न ऐको, गावाने ऐकलेले असते आणि होयही म्हटलेले असते.

इथे जोतीराव फुले यांचा आक्षेप आठवतो. 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात त्यांनी सत्यशोधक समाज स्थापला तो निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये कोणी दलाल नको या ठाम भूमिकेवर. मग दुसऱ्याने माझ्यासाठी मागणे हीही एक दलालीच नव्हे का? मला वाटते जोतीरावांच्या रागाचे कारण दक्षिणा आणि मक्तेदारी हे होते: तू थेट बोलू शकत नाहीस, माझ्यावाचून तुझे पोहोचणार नाही, असे सांगणारा माणूस. पॅसेजमधल्या त्या बाईने मला असे काही सांगितले नाही. ती माझ्या आणि देवाच्या मध्ये उभी नव्हती. ती माझ्या शेजारी सतरंजीवर बसली होती. मागणाऱ्याची जागा मध्ये आहे की शेजारी, हे पाहिले की या वाक्याबद्दलचे पुष्कळसे संशय आपोआप निवळतात आणि काही पक्के होतात.

आता एक अडचण. मनापासून मागायचे तर ते सांगायचे कशाला? मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू खोलीत जाऊन, दार लावून, गुप्तपणे प्रार्थना करायला सांगतो. मुस्लिम परंपरेत एक हदीस आहे, 'सहीह मुस्लिम'मध्ये ती येते: जो आपल्या भावासाठी त्याच्या पाठीमागे दुवा मागतो, त्याच्या त्या दुवेवर फरिश्ता आमीन म्हणतो आणि तुलाही तेच मिळो असे सांगतो. पाठीमागे ही त्यातली मोलाची अट. आपण माणसाच्या पाठीमागे त्याच्याविषयी काय काय बोलतो ते आठवले की या अटीची थोरवी कळते. तोंडावर दिलेल्या शुभेच्छेत संकोच असतो, रीत असते, समोरच्याकडून काहीतरी परत येण्याची आशा असते. जो जवळ नाही त्याच्यासाठी मागताना यातले काहीच हाती लागत नाही.

तरी लोक सांगतात, आणि ते सांगणे मला पोकळ वाटत नाही. सांगितल्यावर ते वचन होते. "उद्या डबा आणते" असे म्हणण्यासारखेच ते आहे. न आणला तर समोरचा उपाशी राहील असे नाही, पण आपण शब्द मोडलेला असतो. फरक इतकाच की डबा आला नाही हे समोरच्याला कळते आणि प्रार्थना झाली नाही हे कधीच कळत नाही. म्हणूनच हे वाक्य उच्चारणाऱ्यावर जास्त जबाबदारी टाकते. फोन ठेवल्यावर जो खरोखर दिवा लावताना थांबतो, नाव आठवतो, कुठली शस्त्रक्रिया, कुठला वार हे आठवतो, त्याने शब्द पाळला. बाकी आपल्यापैकी पुष्कळजण ते वाक्य संभाषण संपवायला वापरतात. समोरचा रडेल, काही मागेल, रात्रभर बसायला येतोस का असे विचारेल, त्याआधी देवाचे नाव मध्ये घालून दार ओढून घ्यायचे. "देव आहे ना" असे म्हणणाऱ्याच्या आवाजावरून आजारी माणसाला हे लगेच कळते. आजाऱ्यांचे कान फार तिखट असतात.

किंमत कोण मोजणार, हाही प्रश्न मागण्यात दडलेला असतो. 1530 साली हुमायून आग्र्याला मरणाच्या दारात होता. मोगल बखरींमध्ये गोष्ट येते की कोणीतरी बाबराला सुचवले, आपल्याजवळची सर्वांत मौल्यवान वस्तू दान करा. दरबाऱ्यांच्या मनात आग्र्याला मिळालेला मोठा हिरा होता. बाबराला दगड देणे पटले नाही. त्याने मुलाच्या बिछान्याभोवती फेरे घातले आणि त्याचे दुखणे माझ्यावर येवो असे मागितले. हुमायून उठला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात बाबर गेला. मधल्या काही महिन्यांत काय काय घडले यावर इतिहासकार वाद घालतात, आणि बाबराची प्रकृती आधीपासूनच ढासळत होती. पण बापाने बिछान्याभोवती फेरे घातले ही गोष्ट त्याची मुलगी गुलबदन हिनेही लिहून ठेवली आहे. आपल्याकडे आई मुलावरून भाकरतुकडा ओवाळून टाकते, त्यात हेच आहे. येणारे माझ्यावर येऊ दे.

याच्या उलट टोकाला जेजुरीच्या मुरळ्या. मूल व्हावे, घरावरचे संकट टळावे म्हणून आईबाप खंडोबाला नवस बोलत: होणारी मुलगी तुला वाहीन. संकट टळे, नवस फिटे, आणि त्याची फेड त्या मुलीचा सारा जन्म करत राही. तिचे लग्न देवाशी लागलेले. पुढे तिच्या वाट्याला काय येई ते सगळ्यांना ठाऊक होते. विसाव्या शतकाच्या आरंभी महर्षी विठ्ठल रामजी शिंदे या चालीविरुद्ध उभे राहिले. 1934 मध्ये मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. कायदा झाल्यावरही चाल लगेच थांबली नाही. त्या आईबापांनी मागितले नव्हते असे नाही, तळमळून मागितले होते. पण किंमत दुसऱ्याच्या पदरात टाकून मागितलेल्या गोष्टीला मी प्रार्थना म्हणू शकत नाही. छोट्या प्रमाणात आजही हे चालते. "तुझ्यासाठी नवस बोलले होते, आता तुला यावंच लागेल," असे आई चाळिशीतल्या मुलाला सांगते, आणि ज्याने मागायला सांगितलेच नव्हते तो ऋणको होऊन रांगेत उभा राहतो.

ज्यांच्यासाठी मागितले जाते त्यांचेही एक म्हणणे असते. बेन्सन यांचा अभ्यास निघाला त्याच 2006 सालच्या ऑक्टोबरात तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट यांच्या महाधमनीवर तातडीची शस्त्रक्रिया झाली. बरे झाल्यावर त्यांनी एक लेख लिहिला. आभार मानायचे ते डॉक्टरांचे, परिचारिकांचे, उपकरणे घडवणाऱ्यांचे, शेकडो वर्षे चाचण्या करून चुका सुधारणाऱ्या संशोधकांचे, असे त्यांचे म्हणणे होते. तुमच्यासाठी प्रार्थना केली असे सांगणाऱ्या मित्रांना त्यांनी क्षमा केल्याचे लिहिले. लेखाचा सूर काहींना बोचला, पण त्यांची तक्रार मला न्याय्य वाटते. जो देव मानत नाही त्याच्या उशाशी बसून "आम्ही प्रार्थना करतोय" म्हणताना आपण नकळत त्याच्याकडून मान डोलावण्याची अपेक्षा करतो, आणि झोपलेल्या, नळ्या लावलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. त्या तिसऱ्या गटाच्या 59 टक्क्यांचे कारण अभ्यासकांना पक्के सांगता आले नाही. निव्वळ योगायोग असेल असेही ते म्हणाले. पण एक तर्क असाही मांडला गेला की प्रार्थना करणारी मंडळी बोलवावी लागली, म्हणजे माझी अवस्था इतकी बिकट आहे का, या विचाराने ते रुग्ण धास्तावले असतील. असेल किंवा नसेल. अशा माणसासाठी मागायचेच असेल तर ती हदीस उपयोगी पडते: पाठीमागे मागावे आणि त्याच्याशी क्रिकेटबद्दल बोलावे.

आणि हात? याकोबाच्या पत्रात या बाबतीत अतिशय कडक शब्द आहेत. उघड्यानागड्या, भुकेल्या माणसाला ऊब घे, पोटभर जेव असे म्हणून रिकाम्या हाताने परत पाठवले, तर त्या बोलण्याचा उपयोग काय, असे ते पत्र विचारते. त्याच पत्रात पुढे आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असेही आहे. लिहिणाऱ्याला दोन्ही हवे होते. बौद्ध वाङ्मयातही दोन्ही आहे. गिरिमानंद भिक्खू आजारी पडला तेव्हा बुद्धाने आनंदाला त्याच्याकडे धाडले ते दहा संज्ञा त्याला ऐकवण्यासाठी. आजही आजाऱ्यापाशी परित्राणपाठ होतो त्यात तो सुत्त म्हणतात. पण विनयपिटकातला दुसरा प्रसंग मला जास्त जवळचा. एक भिक्खू अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेला. तो इतरांच्या काही कामाचा नाही म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धाने पाणी आणवले, स्वतः त्याच्या अंगावर ओतले, आनंदाने त्याला धुतले, एकाने डोके आणि दुसऱ्याने पाय धरून त्याला बिछान्यावर ठेवले. मग बुद्धाने संघाला सांगितले की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. तिथे कुठलाही पाठ झाल्याचा उल्लेख नाही.

भागवताच्या नवव्या स्कंधातला रंतिदेव या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी करतो. अठ्ठेचाळीस दिवसांच्या उपासानंतर त्याच्यापुढे अन्न येते. ब्राह्मण येतो, शूद्र येतो, कुत्र्यांचा लवाजमा घेऊन एक पाहुणा येतो, आणि प्रत्येकाला देता देता अन्न संपते. उरते ते पाणी, एका माणसाला पुरेल एवढे. ते तो तोंडाला लावणार तोच एक पुल्कस तहानेने व्याकूळ होऊन येतो. रंतिदेवाचे ते प्रसिद्ध मागणे, मला सिद्धी नको, मोक्ष नको, सर्व प्राण्यांच्या आत राहून त्यांचे दुःख मलाच भोगू दे, हे तो पाणी देताना म्हणतो. भागवतकाराने ते यज्ञात किंवा गुहेत घातले नाही. मागणारा तहानलेला आहे, पाणी त्याच्या हातात आहे आणि ते तो दुसऱ्याच्या ओंजळीत ओततो आहे, अशा वेळी ते येते. दुसऱ्यासाठी मागण्याचे यापेक्षा नेमके चित्र मला कुठे भेटले नाही.

राहता राहिली ती नाव नसलेली माणसे. त्या बाईच्या कागदावरचा 'ॲक्सिडंटवाला पोरगा', किंवा सरकारी रुग्णालयात ज्याच्या केसपेपरवर 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे' एवढेच लिहिलेले असते तो. नावाविना गाऱ्हाणे कसे घालायचे? मैत्रीभावनेची शिस्त सांगताना बुद्धघोषाने 'विसुद्धिमग्गा'त मेलेल्या माणसाला उद्देशून मैत्री करू नये असे बजावले आहे. ती साधना तिथे रुजत नाही. ख्रिस्ती लोक मात्र 2 नोव्हेंबरला सगळ्या मृतांसाठी प्रार्थना करतात. आपल्या तर्पणात नावानिशी पाणी दिले जाते ते आधी आईबापांच्या पिढ्यांना, मग आप्तांना, गुरूंना. पण विधी तिथे संपत नाही. जे माझे कोणी लागत नाहीत त्यांनाही एक ओंजळ असते, आणि कुळात जे मागे कोणी पाणी देणारे न ठेवता गेले त्यांच्यासाठी अंगावरचे ओले वस्त्र पिळून त्याचे पाणी सोडायचे असते. गोदावरीच्या काठी भाद्रपदात हे अजून चालते. जिवंत अनोळखी माणसासाठी असा काही विधी मला ठाऊक नाही. तिथे त्या बाईने केले तसेच करावे लागते: विचारायचे, कोणी सांगणारे नसेल तर जे दिसते तेच लिहायचे, आणि संध्याकाळी वॉचमनला विचारायचे की त्या पोराजवळ कोणी आले का.